लाईट गेल्यावर किती पाणी खाली येईल? खाऱ्या टँकचा सम्प घरी बांधण्याआधीची यादी

सम्प म्हणजे मुख्य टँकच्या खाली कॅबिनेटमध्ये ठेवलेली दुसरी टाकी: वरचं पाणी पाइपाने त्यात उतरतं, गाळलं जातं आणि पंप ते रिटर्न पाइपातून परत वर चढवतो. मागच्या वेळी काच, सिलिकॉन, पाइप सगळं नीट जमलं होतं. फक्त चालू पंपाचा प्लग काढून काय होतं ते पाहिलं नव्हतं. मग एकदा लाईट गेली आणि कॅबिनेटच्या दाराखालून खारं पाणी बाहेर आलं. आता दुसरा सम्प बांधायला घेतोय, म्हणून ही यादी. सामान जमवण्याची यादी कुठेही मिळते. इथे चुकतं कुठे त्यावर जास्त भर आहे.

पहिलं काम मोजपट्टीचं. कॅबिनेटच्या आतली लांबी-रुंदी सगळेच मोजतात, दाराची चौकट मोजायची राहते. सम्प आत मावतो पण दारातून जात नाही, हे अगदी नेहमीचं आहे. उंची मोजताना स्किमरचा (फेसातून घाण वेगळी काढणारं उपकरण) कप वर उचलून बाहेर काढायला जागा उरते का तेही पाहा, कारण तो कप आठवड्यातून दोनदा तरी काढावा लागणार आहे. पंप बाहेर काढायलाही हात आत जायला हवा.

आता ज्यासाठी हे सगळं लिहितोय ते. पंप बंद पडला की दोन ठिकाणचं पाणी खाली येतं. ओव्हरफ्लोच्या (वरच्या टँकचं पाणी जिथून सांडून खाली जातं ते खोकं) कडेच्या वर जो पातळ थर वाहत असतो तो, आणि रिटर्न पाइपातून उलटा सायफन लागून येणारं पाणी. पहिलं थोडं असतं. दुसरं तुमच्या रिटर्नचं तोंड किती खोल बुडवलंय त्यावर ठरतं, आणि तिथेच घात होतो. समजा वरचा टँक 120 सेंमी लांब आणि 45 सेंमी रुंद आहे. रिटर्नचं तोंड पाण्याखाली 10 सेंमी असेल, तर तोंड उघडं पडून आत हवा शिरेपर्यंत 120 गुणिले 45 गुणिले 10, म्हणजे 54 लिटर पाणी खाली येणार. खालचा सम्प 75 बाय 35 चा, 40 सेंमी उंच आणि चालू असताना पातळी 22 सेंमी धरा. वर 18 सेंमी मोकळे दिसतात, भरपूर वाटतात. त्यात मावतं 47 लिटर. उरलेलं 7 लिटर आणि ओव्हरफ्लोच्या खोक्यातलं, पाइपातलं जे काही असेल ते जमिनीवर.

तेच तोंड फक्त 2 सेंमी बुडवलं तर 10.8 लिटर येतं आणि सम्पची पातळी जेमतेम 4 सेंमी चढते. बाकी काहीही बदलावं लागत नाही. म्हणून काच कापायला देण्याआधी हा गुणाकार कागदावर करा. टँक विकत घेतल्यावर नाही, पाइप चिकटवल्यावर तर नाहीच. सम्प किती मोठा हवा याचं उत्तर टँकच्या लिटरवरून काढण्यापेक्षा या आकड्यावरून काढा, आणि वर निदान एक तृतीयांश जास्त मोकळी जागा सोडा.

यावर लोक दोन उपाय सांगतात. एक, रिटर्न पाइपाला पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली 3-4 मिमीचं भोक पाडायचं, म्हणजे पातळी तिथवर उतरली की हवा शिरून सायफन तुटतो. चांगला उपाय आहे, करा. पण या भोकावर गुलाबी-जांभळं कोरलाइन शेवाळ बसतं, मिठाचे खडे साचतात, एखादी छोटी गोगलगाय नेमकी तिथेच येऊन बसते. दर आठवड्याला टूथपिक घालून साफ करणार असाल तरच ते भोक भोक राहतं. दुसरा उपाय चेक व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप. त्याच्या झडपेत वाळूचा एक कण किंवा चुन्याचा थर अडकला की तो बंद होत नाही, आणि तो बंद होत नाही हे लाईट जाईपर्यंत कळत नाही. बसवायचा असेल तर बसवा, पण हिशेबात तो नाहीच असं धरा. भोकही नाही असं धरा. ही दोन्ही नसतानाही पाणी सम्पमध्ये मावलं पाहिजे.

उलटी बाजूही मोजा. खाली येणारा पाइप तुंबला तर पंप सम्पच्या शेवटच्या कप्प्यातलं, म्हणजे तो स्वतः बसतो तिथलं, पाणी वर ढकलत राहणार. तो कप्पा 20 बाय 35 चा आणि पंपाच्या तोंडापर्यंत 12 सेंमी उपसण्याजोगं पाणी असेल तर ते 8.4 लिटर झालं. वरच्या टँकला काठापर्यंत 3 सेंमी मोकळे असतील तर 16 लिटर मावतात, चिंता नाही. शेवटचा कप्पा मोठा ठेवायचा मोह होतो, कारण बाष्पीभवनाचं पाणी रोज घालावं लागत नाही. मोह आवरा. आणि आपोआप पाणी भरणारं यंत्र लावलंत तर लक्षात ठेवा, अशा वेळी ते कप्पा रिकामा समजून गोडं पाणी ओतत बसेल. त्याच्या साठ्याची बादलीच लहान ठेवा.

काच. सम्पला 6 मिमी पुरते, या मापाला तरी. आडपडदे म्हणजे बॅफल कापताना दोन्ही बाजूंनी 2-3 मिमी कमी घ्या, सिलिकॉनला जागा हवी. वरच्या कडा घासून घ्या. सम्पमध्ये हात घालणारे तुम्हीच आहात. बॅफल अ‍ॅक्रिलिकचे करू नका. काचेच्या सम्पमध्ये अ‍ॅक्रिलिकला सिलिकॉन नीट धरत नाही, काही महिन्यांत सालीसारखं सुटतं. बुडबुडे अडवायला तीन बॅफल: पहिला आणि तिसरा तळाला चिकटलेला, मधला तळापासून अडीच सेंमी उचललेला, आणि आपसातलं अंतरही साधारण तेवढंच. याहून अरुंद केलं तर पाण्याचा वेग वाढतो आणि बुडबुडे अडायच्या ऐवजी ओढले जातात. चालू पातळी ठरते ती तिसऱ्या बॅफलच्या उंचीवर, म्हणून तो उंच करताना वरचा गुणाकार पुन्हा एकदा करा. हो, पुन्हा.

सिलिकॉन शंभर टक्के शुद्ध, सुकताना व्हिनेगरसारखा वास येणारं. बाथरूमसाठी बुरशी न धरणारं म्हणून जे मिळतं ते नको, त्यातलं विष टँकला चालत नाही. सांध्याच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा, पट्टी ओढा, बोटाने एकाच दमात दाबत न्या आणि टेप लगेच काढा. पाच-दहा मिनिटांत वर साय धरते, मग टेप काढायला गेलात की कडा ओरबाडली जाते. जुन्या सिलिकॉनवर नवं चिकटत नाही, तेव्हा जुन्या टँकचा सम्प करत असाल तर ब्लेडने पूर्ण खरवडून स्पिरिटने पुसा. सुकायला आठवडा द्या. दोन दिवसांत वरून कोरडं वाटतं, पण सांध्याला नाक लावून वास घ्या. आंबट वास येतोय तोवर आतून ओलं आहे.

टँकला भोक पाडायचं असेल तर आधी काच टफन्ड (तापवून कडक केलेली) नाही ना हे तपासा. टफन्ड काच ड्रिल लागताच भुगा होते, तिला दुसरी संधी नसते. पोलराइज्ड गॉगल घालून काचेमागे पांढरा एलसीडी स्क्रीन धरा. काचेत गडद पट्टे किंवा ठिपके दिसले तर ती टफन्ड आहे. साध्या काचेला हिऱ्याचं होल कटर, कमी वेग, सतत पाणी आणि हातावर अजिबात जोर नाही. काठापासून भोकाच्या व्यासाएवढं तरी अंतर ठेवा. टँक निपलचा (भोकात बसवून पाइप जोडायचा आट्यांचा तुकडा) रबरी वॉशर टोपीच्या बाजूला, आट्यांच्या बाजूला नाही. सिलिकॉन लावू नका. हाताने घट्ट करा आणि वर पाव फेरा. पाना लावून आवळलात की काच तडकते.

खाली येणारा पाइप रिटर्नपेक्षा जाड असू द्या. शिवाय एक दुसरा, नेहमी कोरडा राहणारा, किंचित उंच तोंडाचा पाइप ठेवा. पहिला पूर्ण सायफनवर चालवून त्याला गेट व्हॉल्व्ह लावला, की त्याला हर्बी पद्धत म्हणतात. आवाज जवळपास नसतो. बॉल व्हॉल्व्हने तेवढं बारीक नियंत्रण जमत नाही. पंप निवडताना खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो हे विसरू नका. वर चढवायला सव्वा-दीड मीटर असतील तर पंपाचा आलेख बघून खरा प्रवाह काढा. टँकच्या पाण्याच्या तासाला पाचपट पुरे. 270 लिटरला साधारण 1,350. जास्त जोरात फिरवून गाळण सुधारत नाही, आवाज आणि बुडबुडे वाढतात. पाइपाला काटकोनी एल्बोऐवजी शक्य तिथे 45 अंशाचे दोन. पंपापाशी युनियन (उघडता येणारा जोड), म्हणजे साफ करायला पाइप कापावा लागत नाही. आधी सगळं कोरडं जोडा, मार्करने खुणा करा, मग पाइप चिकटवायचं सोल्युशन.

धातू नको. पितळ आणि तांबं तर नकोच. माशांना एकवेळ चालेल, पण कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळ तांब्याने मरतात. साधं स्टीलही खाऱ्या पाण्यात गंजतं. क्लिप, क्लॅम्प, स्क्रू सगळं प्लॅस्टिकचं. चुंबकाचं आवरण चिरलेलं असेल तर तोही फेका.

स्किमर घरी करावा का? करता येतो. उभी नळी, वरून पाणी खाली आणि खालून बारीक बुडबुडे वर, तळाशी लाकडी एअरस्टोन. खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक राहतात म्हणून फेस टिकतो आणि विरघळलेली घाण त्याला चिकटून कपात येते. गोड्या पाण्यात हे होत नाही. पण लाकडी स्टोन बुजतो, वारंवार बदलावा लागतो, आणि त्याला हवा पुरवायला दमदार एअरपंप लागतो. माझं मत विचाराल तर हातचा वेळ सम्पला द्या आणि स्किमर तयार आणा. त्याहून सोपं घरगुती उपकरण म्हणजे शेवाळाचा स्क्रबर. वॉल्टर एडी यांनी स्मिथसोनियनमध्ये 1980 च्या आसपास ही कल्पना विकसित केली. खरखरीत केलेली प्लॅस्टिकची जाळी, वर फट पाडलेला पाइप, त्यातून जाळीवर पातळ पडद्यासारखं पाणी, बाजूला दिवा. शेवाळ नायट्रेट आणि फॉस्फेट खाऊन वाढतं, दर आठवड्याला खरवडून फेकायचं. बल्ब पाण्याच्या शिंतोड्यांपासून दूर हवा. आणि लाईट गेल्यावर स्क्रबरच्या पाइपातलंही पाणी सम्पमध्येच येतं, ते वरच्या बेरजेत धरा.

स्किमरचा कप्पा असा हवा की पातळी कायम एक राहील, म्हणजे बॅफलच्या आत. बाष्पीभवनाने पातळी फक्त शेवटच्या कप्प्यात उतरते. हीटरही स्किमरच्या कप्प्यातच टाका, शेवटच्यात उघडा पडून जळतो. गाळणपिशवी 200 मायक्रॉनची, तीन-चार दिवसांनी बदलायची. बदलणार नसाल तर लावूच नका, त्यात अडकलेलं कुजत राहतं.

वायर: प्लगपट्टी सम्पच्या वर नाही, बाजूच्या भिंतीवर उंच. प्रत्येक वायर प्लगच्या खालपर्यंत लोंबकळू द्या म्हणजे पाणी ओघळून प्लगात जाणार नाही. आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवाच. यावर वाद नको.

आता चाचणी, साध्या पाण्याने, मीठ न घालता. दोन दिवस भरून ठेवा, सांध्याखाली कोरडा कागद ठेवा. मग पंप चालू करा, पातळी स्थिर होऊ द्या, शेवटच्या कप्प्यावर टेपची एक पट्टी लावा. आणि प्लग काढा. प्लगच काढायचा, व्हॉल्व्ह बंद करायचा नाही. पाणी चढत जाईल. रिटर्नच्या तोंडात हवा शिरताना गुळगुळ आवाज येईल, तरी लगेच उठू नका, ओव्हरफ्लोचं खोकं त्यानंतरही निथळत राहतं. पातळी थांबली की दुसरी पट्टी. मग सायफनचं भोक टेपने बंद करून पुन्हा प्लग काढा. तरीही काठापासून चार बोटं खाली थांबलं पाहिजे. नसेल तर रिटर्नचं तोंड वर घ्या, आणि पुन्हा. मग प्लग लावून पंप आपोआप सुरू होतो का, सायफन पुन्हा लागतो का तेही पाहा. पहिल्या पट्टीपाशी मार्करने लिहा: यावर भरू नये. कारण कोणीतरी, बहुधा तुम्हीच, एक दिवस जरा जास्त पाणी घालणार आहे.

मग पाणी काढून टाका. मीठ वेगळ्या पिंपात आर.ओ. पाण्यात, पंप आणि हीटर लावून एक दिवस घोळवा. विशिष्ट गुरुत्व 1.025 ते 1.026. घट भरायची ती गोड्या पाण्याने, मीठ उडून जात नाही. लाइव्ह रॉक (उपयोगी जिवाणू असलेले समुद्री दगड) घाला, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येईपर्यंत थांबा, चार ते सहा आठवडे लागतात. ओव्हरफ्लोला जाळी. टँक निपलचे दोन वॉशर जास्तीचे आणून ठेवा, आणि पंपाचा इंपेलर एक.