एक्स्पेशिएट हे क्रियापद नीट कसं वापरायचं

लांबलचक बोलण्यासाठी इंग्लिशमध्ये क्रियापदं ढीगभर आहेत, पण एक्स्पेशिएट वाचताना साधारण कळतं आणि स्वतः वापरायची वेळ आली की गडबड होते. आधी उच्चार बघा, इक्-स्पे-शि-एट, जोर 'स्पे'वर.

अर्थ पाठ करत बसू नका, मूळ लक्षात ठेवा. लॅटिनमध्ये स्पॅशियम म्हणजे जागा, स्पेस पण त्यातूनच आलाय, त्यावरून स्पॅशियारी म्हणजे फिरणं, आणि आधी एक्स लागला की बाहेर पडून मोकळं हिंडणं. जर्मनमधलं श्पात्सीरन, म्हणजे फेरफटका मारणं, तेही याच घराण्यातलं. 16व्या शतकात शब्द इंग्लिशमध्ये आला तेव्हा अर्थ हिंडणं हाच होता, 17व्या शतकात तो बोलण्या-लिहिण्यालाही लागला, तरी जुना अर्थ लगेच गेला नाही, कवी अलेक्झांडर पोपने 1733 मध्ये तो हिंडण्याच्याच अर्थाने वापरलाय. आपण ऐसपैस गप्पा म्हणतो ना, तसंच हे, बोलणारा विषयात ऐसपैस हिंडतोय.

म्हणूनच याला थेट कर्म लावायचं नाही. 'एक्स्पेशिएट द टॉपिक' चुकीचं, 'एक्स्पेशिएट ऑन द टॉपिक' बरोबर, ऑनच्या जागी अपॉन पण चालतं, जरा जुनाट वाटतं एवढंच. उदाहरण, 'शी एक्स्पेशिएटेड ऑन द हिस्टरी ऑफ चेस फॉर अॅन अवर', इथे ती तासभर बुद्धिबळाच्या इतिहासावर रंगून बोलली.

दोन मिनिटं मुद्दा खुलासा करून सांगायचा असेल तर इलॅबोरेट पुरे, मीटिंगमध्ये कुणाला 'प्लीज एक्स्पेशिएट' म्हणालात तर लोक हसतील. आणि ही शिवी नाही हां, पाल्हाळाचा वास कधीकधी येतो पण तो संदर्भातून. स्वतःला सर्वज्ञ समजून प्रवचन झोडणाऱ्यासाठी पाँटिफिकेट आहे, चिडून तावातावाने सुनावणाऱ्यासाठी हरँग, ते तिथेच वापरा.

शेवटी स्पेलिंग, ई-एक्स-पी-ए-टी-आय-ए-टी-ई. लॅटिनमधला एक्सनंतरचा एस इंग्लिशमध्ये गळलाय, तो परत घालू नका. मध्ये चुकून आर घुसला तर एक्स्पेट्रिएट होतं म्हणजे परदेशात राहणारा माणूस, आणि मधला ए-टी गाळलात तर एक्स्पिएट म्हणजे पापाचं प्रायश्चित्त घेणं, आणि स्पेलचेकर या शेवटच्या दोन चुका पकडणार नाही कारण तिन्ही शब्द खरे आहेत.