हलत्या इमारती: निसर्गाची नक्कल करताना या चुका टाळा

उन्हाप्रमाणे उघडमीट करणाऱ्या पॅनेलची भिंत आखताना पहिली चूक कागदावरच होते. फुलाचा आकार उचलला जातो, पण ते उघडते कसे हे पाहायचे राहून जाते. मग पाकळीसारख्या पॅनेलला बिजागऱ्या, दांडे, मोटारी जोडत बसावे लागते. पाइनच्या शंकूत यातले काहीच नसते. त्याच्या खवल्याचे दोन थर ओलाव्याने कमीजास्त फुगतात आणि कोरड्या हवेत खवला आपोआप बाहेर वळतो. दक्षिण कोरियात येओसूच्या २०१२ च्या प्रदर्शनातील ‘वन ओशन’ दालनाला काचतंतूंच्या १०८ लवचीक पट्ट्या आहेत. वरून-खालून दाब दिला की त्या वाकतात आणि फट उघडते. पट्टीत बिजागरी नाही. याउलट पॅरिसच्या अरब जगत संस्थेच्या (१९८७) दक्षिण भिंतीत कॅमेऱ्यासारख्या हजारो झडपा बसवल्या, त्यातल्या बऱ्याच पुढे अडकल्या. सुटे भाग वाढले की बिघाडाच्या जागाही वाढतात.

पॅनेल सतत उघडझाप करतात

दोष बहुधा मोटारीचा नसतो, नियंत्रणाचा असतो. उघडण्या-मिटण्याला एकच मर्यादा ठेवली, तर विरळ ढगांच्या दिवशी पॅनेल वेडेपिसे होतात. दर दोन मिनिटांनी एक हालचाल धरली, तर दहा तासांत ३००, वर्षाला लाखाच्या वर! स्क्रू आणि बेअरिंग वेळेआधीच झिजणार. मर्यादा दोन ठेवा: उदाहरणार्थ ऊन २५० वॉट प्रति चौरस मीटरच्या वर गेले की मिटायचे, १५० च्या खाली उघडायचे. सेन्सरची दहा मिनिटांची सरासरी घ्या. मोजणारा सेन्सर पॅनेलच्याच सावलीत येत नाही ना, हेही बघा. ही चूक हास्यास्पद वाटते, पण नकाशात ती सहज सुटते.

सकाळी चालते, दुपारी अडकते

कारण उष्णता. तीन मीटरची ॲल्युमिनियमची पट्टी ५० अंशांनी तापली की सुमारे ३.५ मिमी लांबते, तेवढीच पोलादी चौकट १.८ मिमी. एका टोकाला गोल भोक, दुसऱ्या टोकाला लांबट भोक ठेवा. दोन धातूंमध्ये नायलॉनचा वॉशर हवाच, नाहीतर ओलाव्यात ॲल्युमिनियम गंजते.

लाकडी पापुद्रा वळतच नाही

पाइनच्या शंकूसारखा ओलाव्याने वळणारा पातळ लाकडी थर वापरला असेल, तर आधी वॉर्निश तपासा. त्याने ओलावा आत शिरायला वेळ लागतो आणि हालचाल मंदावते. नंतर थर पाहा: दोन्ही बाजू सारख्या असलेले प्लायवूड वळत नाही, कारण थर एकमेकांना धरून ठेवतात. फुगणारा थर एकाच बाजूला हवा आणि वळण हव्या त्या दिशेला त्याचे तंतू आडवे हवेत. जाडी दुप्पट केली तर ओलावा मुरायला साधारण चौपट वेळ लागतो, त्यामुळे पातळ पापुद्राच घ्या.

वाऱ्याचा भार मोटारीवर

ताशी ७२ किमी वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे २५ किलो वजनाइतका भरतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. हा भार मोटारीने पेलायचा नाही. स्वतः अडणारा (मोटार थांबली की भाराने मागे न फिरणारा) स्क्रू किंवा यांत्रिक अडसर तो घेईल. वीज गेल्यावर पॅनेल कोणत्या स्थितीत थांबेल, हे आराखड्यातच ठरवा.

मोटार बदलायला बाहेरून परांची लागू नये. प्रत्येक मोटार किती करंट ओढते याची नोंद ठेवा. तो हळूहळू चढत असेल तर बिजागरीत धूळ बसली आहे किंवा वंगण सुकले आहे.