बेरी वाचवायच्या म्हणून बागेत पक्ष्यांना घर द्यायचं? हो, पण भोक मोजून!

ही आयडिया ऐकली की बहुतेक लोक हसतात. बेरी खातात पक्षी, आणि तू त्यांच्यासाठीच घरं बांधतोयस म्हणजे चोराच्या हातात किल्ल्या! मलाही आधी तसंच वाटायचं, आणि माझा पहिला प्रयोग तर अगदी तसाच झाला. दिसायला गोड म्हणून एक रंगीत बर्डहाऊस आणलं, लाल छप्पर, पुढे बसायला छोटी दांडी, आणि भोक चांगलं पाच सेंटीमीटरचं. ते ब्लूबेरीच्या झुडपांच्या अगदी डोक्यावर टांगलं. आठवड्याभरात साळुंक्या राहायला आल्या, पिल्लं झाली, आणि बेरी निळ्या व्हायला लागल्या त्याच दिवसात पिल्लं बाहेर पडली. आई-बापाने सहकुटुंब झुडपावर आणून बसवलं. मी खिडकीतून बघतोय.

चूक पक्ष्यांची नव्हती, चूक भोकाची होती. म्हणजे बघा, फळं फस्त करणारे जे पक्षी असतात, बुलबुल, ब्लॅकबर्ड, वॅक्सविंग वगैरे, ते पेटीत राहतच नाहीत, ते फांद्यांमध्ये उघडं वाटीसारखं घरटं करतात. पेटी लावा नाहीतर लावू नका, ते येणारच. पेटीत म्हणजे ढोलीसारख्या जागेत राहणाऱ्यांपैकी फळांना खरा धोका साळुंकी आणि स्टार्लिंगचा, आणि हे दोघे अंगाने मोठे, त्यांना साधारण ४५ मिमी किंवा जास्त भोक लागतं. आणि जे छोटे, म्हणजे टिट (मराठीत वल्गुली), रेन, ट्री स्वॅलो, ब्लूबर्ड, हे पिल्लांना मुख्यतः किडे भरवतात, टिट तर अळ्यांवर अळ्या. म्हणून बागेत कोण राहणार हे तुम्ही ड्रिल हातात घेता तेव्हा ठरतं, बाकी रंगबिंग सगळं आपल्या हौसेसाठी.

आता एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो म्हणजे नंतर शिव्या नकोत. पेटीमुळे बेरी किड्यांपासून वाचतात, पक्ष्यांपासून नाही. पानं गुंडाळणारी अळी, कोवळे शेंडे खाणारी अळी, भुंगेरे, नाकतोडे, यांच्यावर ही मंडळी काम करतात. पिकलेलं फळ खायला येणाऱ्या पक्ष्यांसाठी शेवटी जाळीच लागते, त्यावर खाली बोलतोच.

पण काम करतात म्हणजे किती? नेदरलँड्समध्ये सफरचंदाच्या बागांत टिटसाठी पेट्या लावून अभ्यास केला होता, २००२ साली छापून आला. अळीने खराब झालेली फळं १३.८ टक्क्यांवरून ११.२ वर आली आणि झाडामागे उत्पन्न ४.७ किलोवरून ७.८ किलो. पहिला आकडा वाचून मी जरा नाराज झालो, एवढंच? पण दुसरा वाचल्यावर गप्प बसलो. कॅलिफोर्नियात द्राक्षबागांत ब्लूबर्डच्या पेट्या लावल्या आणि मुद्दाम अळ्या ठेवून कोण किती उचलतं ते मोजलं, तर पेट्यांच्या भागात बिनपेटीच्या भागापेक्षा २.४ पट अळ्या गायब, आणि ज्या पेटीत खरंच घरटं होतं तिच्या अगदी जवळ ३.५ पट. यातून घरच्या बागेसाठी शिकायचं ते हे की परिणाम पेटीच्या जवळ जास्त असतो, त्यामुळे बेरी एका कोपऱ्यात आणि पेटी भलत्याच टोकाला असं करू नका.

भोकाचे माप

टिटमध्ये जे सगळ्यात छोटे, ब्लू टिट वगैरे, त्यांना २५ मिमी. ग्रेट टिटला २८. चिमणीला ३२. ईस्टर्न ब्लूबर्डला ३८ मिमी, म्हणजे बरोबर दीड इंच, याच्यात स्टार्लिंग घुसत नाही. यापुढे जाऊच नका. चिमणी मोठी झाल्यावर दाणे खाते पण पिल्लांना किडेच भरवते, म्हणून तीही चालेल, फक्त एक लक्षात ठेवा, ब्लूबर्ड जिथे आहेत तिथे चिमण्या त्यांची पेटी बळकावतात आणि कधीकधी मारतातही, तेव्हा तुमच्या भागात कोणते पक्षी आहेत ते आधी महिनाभर नुसतं बघा. मगच ड्रिल काढा.

पेटी बनवणे

विकत आणण्यापेक्षा घरी बनवा, एक संध्याकाळचं काम आहे. १५० मिमी रुंद, १५ मिमी जाड आणि साधारण दीड मीटर लांब अशी एक फळी घ्या. साधं लाकूड, केमिकल लावलेलं नको, आणि पातळ प्लाय तर नकोच, उन्हात आत भट्टी होते. त्यातून मागची पाठ ४०० मिमी, पुढची बाजू २००, छप्पर २२०, तळ १२०. दोन्ही कडेच्या बाजू तिरक्या कापायच्या, मागे २५० आणि पुढे २०० उंच, म्हणजे छप्पर पुढे उतरतं होतं. ४५० मिमीचा तुकडा मध्ये एका तिरक्या कापाने कापला की दोन्ही बाजू निघतात, फळी वाया जात नाही. तळ कडेच्या बाजूंच्या आत बसतो, खाली नाही, नाहीतर पाणी फटीतून आत शोषलं जातं.

भोक पुढच्या फळीत वरच्या बाजूला, भोकाची खालची कड आतल्या तळापासून किमान १२५ मिमी वर हवी. याचं कारण मांजर. पंजा आत घातला तरी पिल्लापर्यंत पोचू नये. आणि पुढे दांडी लावू नका! ढोलीत राहणाऱ्या पक्ष्याला तिची काही गरज नसते, ती फक्त शत्रूला बसायला सोय होते. माझ्या त्या रंगीत पेटीची दांडी मी नंतर मोडून टाकली, पण तोवर उशीर झाला होता.

अजून दोन-चार बारीक गोष्टी ज्या लोक विसरतात. तळाला ६ मिमीची चार-पाच भोकं, पाणी निघायला. छपराखाली दोन्ही बाजूंना हवेसाठी छोटी भोकं. पुढच्या फळीच्या आतल्या अंगाला करवतीने आडवे ओरखडे मारा, गुळगुळीत रंधलेल्या लाकडावर पिल्लांना चढता येत नाही आणि ती आतच अडकतात. आतून रंग किंवा पॉलिश अजिबात नाही, बाहेरून द्यायचाच तर फिका. खिळ्यांपेक्षा स्क्रू मारा. छप्पर उघडता आलं पाहिजे, मी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून बिजागरीसारखी ठोकली, पाणीही आत जात नाही आणि फुकटात काम झालं. मात्र पुढून एक हूक लावून बंद करा, नाहीतर खारी उघडतात. खार किंवा सुतार पक्षी भोक कुरतडून मोठं करतात, त्यासाठी भोकाभोवती पत्र्याची चकती मारायची, कडा घासून गुळगुळीत करून.

कुठे लावायची

झुडपांच्या डोक्यावर नाही (अनुभव सांगून झालाय). पाच ते दहा मीटर अंतरावर, दोन ते तीन मीटर उंच, अशा ठिकाणी की भोकासमोर उडायला मोकळी जागा असेल. ब्लूबर्डला खाली चालतं, दीड मीटरचा खांब आणि आजूबाजूला मोकळं गवत आवडतं. दुपारचं ऊन थेट तोंडावर नको, पाऊस ज्या बाजूने झोडपतो तिकडे पेटीची पाठ करा, आणि पेटी पुढे किंचित झुकलेली असू दे. खांबावर लावली तर मध्ये पत्र्याचं उलटं नरसाळं बसवा, मांजर आणि साप दोघांना चढायला कठीण जातं.

किती लावायच्या? छोट्या बागेत दोन पुरे. टिटसारखे पक्षी आपल्याच जातीच्या शेजाऱ्याला जवळ राहू देत नाहीत, त्यामुळे सहा पेट्या एका भिंतीवर लावल्या तर पाच रिकाम्या राहतात. चिमण्यांचं उलट आहे, त्यांना चाळीत राहायला आवडतं. पेटी विणीच्या हंगामाच्या आधी दोन-तीन महिने लागलेली पाहिजे आणि तरी पहिल्या वर्षी कोणी नाही आलं तर लगेच जागा बदलत बसू नका, माझी दुसरी पेटी पूर्ण एक हंगाम रिकामी होती आणि मी तिच्याकडे बघून रोज उसासे टाकायचो.

पेटीजवळ दाण्यांचा फीडर नको, फीडरवर सगळे येतात, नको ते पण. पाण्याचं भांडं मात्र ठेवा, पण बेरीपासून लांब. कडक उन्हात पक्षी बऱ्याचदा पाण्यासाठीही रसाळ फळ फोडतात, भांडं ठेवल्यापासून माझ्याकडे अर्धवट टोचलेली फळं कमी झाली असं मला वाटतं, मोजलं नाहीये.

आणि औषध फवारणी बंद. हे लोकांना सगळ्यात जड जातं, अळी दिसली की हात स्प्रेकडे जातोच. पण तीच अळी घेऊन पक्षी पेटीत जाणार आणि पिल्लाच्या तोंडात घालणार. एकतर स्प्रे ठेवा नाहीतर पेटी, दोन्ही एकत्र जमत नाही. सुरुवातीचे काही आठवडे पानांना भोकं पडलेली दिसतील, दिसू द्या, पिल्लं अंड्यातून बाहेर आली की टिटची जोडी दिवसाला शेकडो फेऱ्या मारते.

जिथे पक्ष्यांचा उपयोग नाही तेही सांगतो. गोगलगायी स्ट्रॉबेरी खातात, त्या रात्री हाताने वेचाव्या लागतात. आणि ड्रोसोफिला सुझुकी नावाची छोटी माशी पिकत आलेल्या रास्पबेरी-ब्लूबेरीत अंडी घालते, तिच्या अळ्या फळाच्या आत असतात, तिथे टिट काय करणार? तिला फक्त एक मिमीपेक्षा बारीक जाळी आणि पिकलेलं फळ लगेच तोडणं हाच उपाय. शिवाय पक्षी कोळीही खातात, चांगले किडे खातात, त्यांना आपली यादी माहीत नसते.

जाळी कधी

इथे सगळं टायमिंगवर आहे. फुलं असताना जाळी टाकली तर मधमाश्या आत येत नाहीत आणि फळच धरत नाही. फळ हिरवं असताना टाकली तर पेटीतले पक्षी अळ्यांपर्यंत पोचत नाहीत, मग पेटी कशाला लावली? म्हणून पानं फुटल्यापासून हिरव्या फळापर्यंत बाग उघडी, पक्ष्यांच्या ताब्यात. पहिल्या दोन-चार फळांचा रंग बदलायला लागला की त्याच दिवशी जाळी. दुसऱ्या दिवशी नाही, बुलबुलाला तुमच्या आधी कळतं.

जाळी झुडपावर सैल टाकू नका, पाईप किंवा काठ्यांची चौकट करून ताणून लावा आणि खालून कडा दाबून घ्या. भोकं इतकी बारीक की बोट आत जाऊ नये. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात तर २०२१ पासून घरगुती फळझाडांच्या जाळीचं भोक ५ बाय ५ मिमीपेक्षा मोठं नसावं असा नियमच आहे, कारण मोठ्या भोकाच्या सैल जाळीत पक्षी, वटवाघळं, साप अडकून मरतात. रोज सकाळी एक चक्कर मारून कोणी आत अडकलंय का ते बघा.

चकाकणाऱ्या सीड्या, प्लास्टिकचं घुबड, लाल रंगवलेले दगड हे सगळं मी करून बघितलंय. चार दिवस चालतं. पाचव्या दिवशी घुबडाच्या डोक्यावर बुलबुल.

हां, फळखाऊ पक्ष्यांना पळवणारी पेटी असते, पण ती मोठ्या बागांसाठी. अमेरिकेत मिशिगनमध्ये चेरीच्या बागांत केस्ट्रेल नावाच्या छोट्या ससाण्यासाठी पेट्या लावतात, भोक साधारण ७५ मिमी, पेटी उंच खांबावर, आणि ससाणा राहतोय म्हटल्यावर फळं खाणारे पक्षी तिथे कमी येतात, २०१८ मध्ये त्याचा अभ्यासही प्रसिद्ध झालाय. पण त्याला आजूबाजूला भरपूर मोकळं रान लागतं, घरामागच्या चार झुडपांसाठी तो येणार नाही, आणि आला तर तुमच्या टिटवर पण त्याचा डोळा असेल.

साफसफाई

घरटं चालू असताना पेटी उघडायची नाही, कितीही खाज आली तरी. चालू घरटं मोडणं तर बऱ्याच देशांत गुन्हाही आहे. हंगाम पूर्ण संपला, महिनाभर कोणाची ये-जा नाही अशी खात्री झाली की मास्क-हातमोजे घालून जुनं घरटं काढा आणि पेटीत उकळतं पाणी ओता, पिसवा आणि माइट्स (पक्ष्यांचं रक्त पिणारे बारीक जीव) मरतात. कीटकनाशक नको. पूर्ण वाळली की परत लावा, थंडीत कोणीतरी रात्रीपुरतं झोपायला येतं.

गेल्या वेळी मी घरटं उपसलं तर आत शेवाळ, केस, आमच्या पोछ्याचे धागे, आणि मध्येच हिरव्या प्लास्टिकचा एक लांब दोरा निघाला. माझ्याच जाळीचा. कापलेल्या जाळीचे तुकडे मी कुंडीमागे टाकून दिले होते. असा दोरा पिल्लाच्या पायाला गुंडाळला तर ते पेटीतून बाहेरच पडू शकत नाही, त्यामुळे आता जाळी कापली की त्याच मिनिटाला सगळे तुकडे गोळा करून झाकणाच्या डब्यात जातात.