सात दिवसांत पाच किलो? आधी तेलाचा डबा मोजा

पहिल्या दिवशी नुसती फळं, दुसऱ्या दिवशी भाज्या, चौथ्या दिवशी केळी आणि दूध. लग्नसराई तोंडावर आली की हा ‘जीएम डाएट’ व्हॉट्सॲपवर फिरायला लागतो. आठवड्याअखेरीस काट्यावर दोन-तीन किलो कमी दिसतात, हेही खरं. प्रश्न एवढाच, की उतरलं ते काय?

यकृत आणि स्नायूंमध्ये मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, असतो आणि त्याच्या दर ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी. भात-पोळी बंद केली की साठा संपत येतो, पाणी लघवीवाटे निघून जातं आणि काटा खाली येतो. चरबीचा हिशेब निराळा आहे. एक किलो चरबी म्हणजे जवळपास ७७०० कॅलरी. आठवड्यात पाच किलो चरबी घालवायची तर रोज ५५०० कॅलरींची तूट लागेल. एवढं बहुतेकांचं शरीर दिवसभरात खर्चच करत नाही, त्यामुळे कडकडीत उपास करूनही ते जमणार नाही. आठव्या दिवशी वरणभात पोटात गेला की पाणी परत येतं आणि काटाही. कीटोच्या, म्हणजे कर्बोदकं जवळपास बंद करून चरबीवर भर देणाऱ्या आहाराच्या, पहिल्या आठवड्यात हेच होतं. शिवाय दिवसाला २० ते ५० ग्रॅम कर्बोदकांत बसायचं म्हणजे भाकरी, उसळ, आमटी, केळं, सगळंच ताटातून उठवायचं. शाकाहारी घरात उरतं पनीर आणि लोणी. किती दिवस चालणार?

सहा महिन्यांत सध्याच्या वजनाच्या ५ ते १० टक्के, म्हणजे ८० किलोच्या माणसाने ४ ते ८ किलो उतरवणं, हे झेपणारं उद्दिष्ट आहे. कंबर मोजूनच सुरुवात करा: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप न आवळता. भारतीय पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर गेली असेल तर लक्ष घालायला हवं. वजन सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी करा आणि आठवड्याची सरासरी धरा. मिठाचं जेवण किंवा पाळीच्या आधीचे दिवस एवढ्यानेच किलो-दीड किलो इकडेतिकडे होतं.

आता स्वयंपाकघर. चौघांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल तर माणशी रोज सुमारे ३८ ग्रॅम तेल पोटात जातंय. ते २५ ग्रॅमवर आणायचं असेल तर महिन्याला सव्वातीन लिटर पुरतात. वाचलेल्या १३ ग्रॅमच्या माणशी रोज ११५ कॅलरी होतात, आणि ताटातला एकही पदार्थ हललेला नसतो. हे साधायचं कसं? कढईत डब्यातून धार सोडू नका. पळीने अंदाजही घेऊ नका, पळी खोल असते. १५ मिलिलिटरचा मोजमापाचा चमचा ठेवा. चौघांच्या भाजीला दोन चमचे भरपूर झाले. कांदा लागायला लागला तर तेल वाढवण्याऐवजी पाण्याचा हबका मारा आणि झाकण ठेवा. मोहरी तडतडायला मात्र तेल चांगलं तापलेलं लागतं, म्हणून फोडणी लहान कढल्यात करा: कमी तेलातही मोहरी बुडते.

तेलानंतर कूट. २५ ग्रॅम दाण्यांत सुमारे १४० कॅलरी असतात. दाणे वाईट नाहीत, पण भाजीत मूठभर, कोशिंबिरीत मूठभर आणि वर चटणी, असं झालं की एका जेवणात पन्नास ग्रॅम सहज जातात. एका वेळी एकाच पदार्थात घाला.

उपासाची साबुदाण्याची खिचडी तर हिशेब करून पाहण्यासारखी. ६० ग्रॅम कोरडा साबुदाणा (२१०), ३० ग्रॅम कूट (१७०), मोठा चमचाभर तूप (१२५): बटाटा न धरता ५०० कॅलरी. उपासाला रताळं, ताक आणि काकडी घेतली तर पोट भरतं आणि आकडा निम्म्याच्या आसपास राहतो.

कमी खाऊन भूक आवरायची तर प्रथिनं हवीत, वजनाच्या दर किलोमागे रोज १ ग्रॅमच्या आसपास. (मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांकडूनच घ्या.) इथे मराठी ताट फसवतं. वाटीभर पातळ आमटीत डाळ जेमतेम १५ ग्रॅम असते, म्हणजे प्रथिनं ३ ग्रॅम. म्हणून वरण घट्ट करा आणि रोज एका जेवणात माणशी ३० ग्रॅम कोरड्या मटकीची किंवा मुगाची मोड आलेली उसळ ठेवा. त्यातून सात ग्रॅम मिळतात. जोडीला वाटीभर दही, चालत असतील तर दोन अंडी. अर्धं ताट भाजी-कोशिंबिरीचं, मग भाकरी. भाकरी ज्वारीची आहे म्हणून कितीही खावी, असं नाही. ५० ग्रॅम पिठाची भाकरी आणि तेवढ्याच पिठाच्या पोळ्या कॅलरींत जवळपास सारख्याच.

चालणं आठवड्याला किमान १५० मिनिटं, जरा धाप लागेल इतपत वेगाने. दोन दिवस बैठका, भिंतीला टेकून जोर, पायऱ्या. स्नायू टिकवायला हे लागतंच. पण अर्ध्या तासाच्या चालण्यात दीडशेच्या आसपास कॅलरी जातात आणि परत येताना घेतलेला वडापाव त्याच्या दुप्पट भरतो.

दोन-तीन महिन्यांनी काटा अडतो. हलक्या शरीराला कमी ऊर्जा पुरते, आणि तोवर चमचाही पुन्हा सैल झालेला असतो. आठवडाभर सगळं लिहून काढा. चहातली साखर आणि उभ्याउभ्या खाल्लेलं फरसाणसुद्धा. जेवण आणखी कापायची घाई करू नका. भराभर वजन उतरवलं की पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो आणि दोन-तीन महिन्यांनी केस गळायला लागतात.

मधुमेहावर इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका. साखर एकदम खाली जाऊ शकते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी वजन उतरवण्याचे प्रयोग करूच नयेत. आणि सकाळी दुधीचा रस घेणाऱ्यांनी दुधीची फोड आधी चाखून पाहावी. कडू लागली तर तो दुधी फेकून द्यावा. त्या कडूपणातलं विष उलट्या-जुलाबांपासून रक्ताच्या उलट्यांपर्यंत नेतं, आणि आपल्याकडे त्याने माणसं दगावली आहेत. रस पिऊन असं काही झालंच तर घरी वाट न पाहता थेट दवाखाना गाठावा.