दृष्टिहीन व्यक्तीला वाट दाखवताना

पांढरी काठी घेऊन रस्त्याच्या कडेला उभी असलेली व्यक्ती दिसली की अनेक जण काही न बोलता तिचा दंड धरतात आणि तिला घाईने पलीकडे नेतात. हेतू चांगला असतो, पण अचानक ओढले गेल्याने तिने मनात धरलेली दिशा हरवते; शिवाय तिला रस्ता ओलांडायचाच नसेल, ती रिक्षाची वाट पाहत असेल, तर तिला पुन्हा परत यावे लागते. म्हणून सुरुवात बोलण्यानेच करावी. आपण कोण ते सांगून ‘मदत हवी आहे का?’ असे विचारावे आणि नकार मिळाल्यास तो मनापासून मान्य करावा. गर्दीत आपण कोणाशी बोलतो आहोत हे तिला कळत नाही, तेव्हा हाताच्या पाठीला हलका स्पर्श करणे उचित ठरते.

होकार मिळाल्यावर तिचा हात आपण धरायचा नसतो. आपला हात तिला धरू द्यायचा असतो. आपल्या हाताची पाठ तिच्या हाताला लावली की ती आपल्या कोपराच्या किंचित वर पकड घेते आणि अर्धे पाऊल मागे चालते. आपण थांबलो, वळलो किंवा पायरी उतरलो, तर ते तिला आपल्या हाताच्या हालचालीतून लगेच समजते आणि नको वाटल्यास हात सोडणेही तिच्याच हाती राहते. वाट अरुंद झाली तर तो हात आपल्या पाठीमागे न्यावा, म्हणजे ती आपल्या मागे येते. काठी धरून मात्र तिला कधीही ओढू नये.

जिन्याशी क्षणभर थांबून पायऱ्या चढत्या आहेत की उतरत्या, कठडा कोणत्या बाजूला आहे आणि शेवटची पायरी कधी आली, हे सांगावे. ‘इकडे या’, ‘तिथे बसा’, ‘जपून!’ या शब्दांचा तिला काहीच उपयोग होत नाही, कारण धोका पायाशी आहे की डोक्याशी, हे त्यांतून कळत नाही. काठी जमिनीवरचा अडथळा शोधते. पण उभ्या टेम्पोतून छातीच्या उंचीवर बाहेर आलेल्या सळ्या, दुकानापुढचे लोंबते छप्पर किंवा पदपथावर उघडलेली खिडकी काठीला लागतच नाही. तिथे आपले शब्दच तिच्या उपयोगी पडतात: ‘थांबा, उजवीकडे डोक्याच्या उंचीवर खिडकी उघडी आहे.’

रेल्वेच्या फलाटांवर आणि काही पदपथांवर उठावदार पिवळ्या फरश्या असतात. त्यांवरील लांब पट्ट्या सरळ जाण्याची दिशा दाखवतात, तर गोल उंचवटे पुढे वळण, पायरी किंवा फलाटाची कड असल्याने सावध करतात. त्यांवर दुचाकी लावणे म्हणजे कोणाची तरी वाट बंद करणे होय, आणि दुर्दैवाने ते सर्रास घडते. सार्वजनिक जागा सुगम असाव्यात, असे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 सांगतो; तरीही मुंबईच्या लोकलमधील दिव्यांगांच्या डब्यात धडधाकट प्रवासी चढतात, याची खंत वाटते.

दुकानात सुटे पैसे परत देताना प्रत्येक नोट वेगळी देऊन तिची रक्कम मोठ्याने सांगावी. 100 रुपयांच्या नोटेवर उठावदार त्रिकोण आणि कडेला चार तिरक्या रेषा असतात, 500 च्या नोटेवर वर्तुळ आणि पाच रेषा असतात. परंतु नोट हाताळून झिजली की हा उठाव बोटांना जाणवेनासा होतो. रिझर्व्ह बँकेने नोटा ओळखण्यासाठी 2020 मध्ये ‘मनी’ हे मोबाइल ॲप आणले आहे, पण गर्दीच्या दुकानात दरवेळी फोन काढणे सोयीचे नसते.

निरोप घेताना ‘मी निघतो’ असे स्पष्ट सांगावे. मोकळ्या जागेत तिला तसेच सोडू नये. भिंत, खांब किंवा खुर्चीची पाठ तिच्या हाताला लागेल अशा ठिकाणी तिला पोहोचवावे, तोंड कोणत्या दिशेला आहे ते सांगावे आणि तिथून पुढे कसे जायचे आहे, हे तिच्याकडूनच विचारून घ्यावे.