उंच शिखरावरून स्कीवर झटपट उतरायचंय? या चुका टाळा

अलास्कातलं डेनाली शिखर, ६१९० मीटर, २०१४. स्पेनचा डोंगरधावक आणि स्कीपटू किलियन जोर्नेट बेस कॅम्पहून निघाला, शिखर गाठलं आणि स्कीवर उतरून ११ तास ४८ मिनिटांत परत आला. हा आकडा नवख्यांना तोंडपाठ असतो. त्याआधी उंचीवर काढलेले दिवस मात्र कुणाला मोजायचे नसतात.

'मी रोज पळतो, मला विरळ हवेचं काय!' हे ऐकून माझे कान किटलेत. दमसास वेगळा आणि उंचीची सवय वेगळी. उलट दमदार माणूसच जास्त अडकतो, कारण शरीर सरावायच्या आत त्याचे पाय त्याला वर नेऊन ठेवतात. ८००० मीटरवर प्रत्येक श्वासात समुद्रसपाटीच्या जेमतेम एक तृतीयांश प्राणवायू मिळतो. साधा नियम आहे: ३००० मीटरच्या वर झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त चढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक मुक्काम जादा करायचा. २०१७ मध्ये जोर्नेट कृत्रिम प्राणवायूशिवाय आठवड्याभरात दोनदा एव्हरेस्टवर गेला, पण त्याच मोसमात आधी चो ओयू या दुसऱ्या आठ-हजारी शिखरावर जाऊन आला होता. 'डोकं दुखायच्या आत खाली येऊ' असं म्हणणाऱ्यांसोबत मी जात नाही. मेंदूला सूज यायला लागली की पहिला जातो तोल, आणि स्कीवर तोलाशिवाय असतं काय?

आता माझी लाडकी चूक. बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड. पिन बाइंडिंगमध्ये बुटाच्या टोकाला दोन्ही बाजूंना बारीक खळगे असतात, त्यांत पिना बसतात. दिवसभर क्रॅम्पॉन (बुटाखालचे लोखंडी काटे) लावून बर्फ तुडवला की हे खळगे बर्फाने गच्च भरतात. वर वारा सुटलेला, बोटं बधिर. बूट दाबला, 'खट्' आवाज आला, निघालो. पहिल्याच वळणाला डावी स्की सुटली. शंभरेक ग्रॅम वाचवायला तिला बुटाशी बांधणारा पट्टा मीच काढून ठेवला होता, ब्रेक तर नव्हताच. स्की सरळ खाली गेली, दोनदा उसळली आणि दिसेनाशी झाली. मी चाळीस अंशांच्या उतारावर एका पायावर, बर्फाची कुऱ्हाड रोवून. जो उतार अर्ध्या तासात संपायचा, तो तोंड डोंगराकडे करून क्रॅम्पॉनवर पाच तास उतरलो. वाचवलेले शंभर ग्रॅम असे फेडले.

तेव्हापासून खिशात दोरी बांधलेला एक टोच्या असतो. आधी खळगे कोरायचे, बाइंडिंगच्या स्प्रिंगखालचा बर्फ काढायचा, मग टोक अडकवून टाच चार-पाच वेळा वर-खाली करायची. मोकळी हलली तरच टाच दाबायची. दोन मिनिटं जातात. ज्यांना ती जड वाटतात, त्यांनी उतरताना घड्याळ बघावं. चढताना टोकाची खिटी 'लॉक'वर असते, हेही लक्षात ठेवा. ती तशीच राहिली तर पडल्यावर स्की सुटत नाही आणि गुडघा जातो.

वेगाची एक गंमत आहे: लवकर पोहोचलात तर उतारावरचा बर्फ अजून दगड असतो. वसंतातल्या मध्यम उंचीच्या शिखरांवर ऊन लागून वरचा थर जरा सुटेपर्यंत थांबावं लागतं, आणि फार थांबलात तर ओला बर्फ घसरायला लागतो. म्हणून मी शिखराच्या वेळेपासून मागे मोजून निघायची वेळ ठरवतो. फार उंचावर ऊनही मदतीला येत नाही, तिथे स्कीच्या धारदार कडाच तारतात. त्यांना निघण्याच्या आदल्या रात्री कानस लावा, महिनाभर आधी नव्हे.

उतरायची वाट वरून शोधायची नसते, चढतानाच बघून ठेवायची. के२ची पूर्ण उतरण स्कीवर पहिल्यांदा करणारा पोलंडचा आंद्झेई बार्गिएल २०१७ मध्ये परिस्थिती बघून माघारी फिरला आणि २०१८ मध्ये परत आला. तेव्हा वाट हुडकायला ड्रोनही वापरला.

स्किन्स, म्हणजे चढताना स्कीखाली चिकटवायच्या पट्ट्या, काढल्या की सॅकमध्ये कोंबू नका, जॅकेटच्या आत ठेवा. गोठलेला गोंद चिकटत नाही.

पाण्याची नळी गोठते. बाटली उलटी ठेवा, म्हणजे बर्फ तोंडाशी नाही, वर आलेल्या बुडाशी धरतो.

आणि हातमोज्यांची दुसरी जोडी. वजन वाचवायला ती तंबूत ठेवून येणारे दर मोहिमेत भेटतात, आणि शिखरावर त्यांचेच गारठलेले हात माझ्या जॅकेटात असतात.