खाडा शोधणारी वजाबाकी

दिवाळीच्या तोंडावर आमच्या दूध संस्थेच्या सचिवांनी फर्मान काढलं: सलग ९० दिवस दूध घातलेल्या सभासदाला बोनस जादा. हिशेब एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेत. एकूण दिवस हवे असते तर काउंट (मोजणी) लावून मोकळा झालो असतो. 'सलग'पायी रात्रभर जागलो.

सभासद क्रमांक १७ नं जूनच्या ३, ४, ५, ८ आणि ९ तारखेला दूध घातलं असं धरा. या तारखांना क्रमानं १ ते ५ नंबर द्या आणि तारखेतून नंबर वजा करा. उरतात २, २, २, ४, ४. तारीख आणि नंबर दोन्ही एकेकानं वाढतात, म्हणून वजाबाकी जागची हलत नाही. खाडा झाला की तारीख उडी मारते, नंबर मारत नाही. मग सभासद आणि वजाबाकी यांच्यावर ग्रुप बाय करा (सारख्या ओळींचा एक गट), मिन आणि मॅक्सनं प्रत्येक गटाची सुरुवात-शेवट काढा. सलग तीन दिवसांचा एक पट्टा, दोन दिवसांचा दुसरा.

नंबर देताना मी आधी रो_नंबर (प्रत्येक ओळीला वेगळा नंबर देणारं फंक्शन) वापरला आणि तिथंच फसलो. दूध सकाळ-संध्याकाळ येतं, म्हणजे एका तारखेच्या दोन ओळी. ३ तारखेलाच १ आणि २ असे दोन नंबर पडले, सगळे पट्टे तुटले. तिथं हवा डेन्स_रँक, तो एका तारखेला एकच नंबर देतो:

डेन्स_रँक() ओव्हर (पार्टिशन बाय सभासद ऑर्डर बाय तारीख)

पार्टिशन बाय (प्रत्येक सभासदाचे नंबर वेगळे ठेवणारा भाग) विसरलात तर एकाचं दूध दुसऱ्याच्या खात्यात! दिवस मोजतानाही काउंट डिस्टिंक्ट तारखेवर लावा, नाहीतर ४५ दिवसांचे ९० होतील. आणि विंडो फंक्शन (डेन्स_रँकसारखं, ओव्हर लावलेलं) थेट ग्रुप बायमध्ये चालत नाही. आधी विथ (नाव दिलेली आतली क्वेरी) लिहून वजाबाकी आत करा, मोजणी बाहेर.

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये हा नंबर बिगइंट (मोठा पूर्णांक) असतो आणि तारखेतून बिगइंट वजा होत नाही, तो इंटमध्ये (साध्या पूर्णांकात) बदलून घ्या. एरर येते, म्हणून निदान कळतं तरी. मायएसक्यूएल (दुसरा डेटाबेस, विंडो फंक्शन ८.० पासून पुढं) जास्त लबाड. तिथं तारखेतून नुसता आकडा वजा केला तर ती तारखेचाच २०२४०६३० असा आकडा करते. महिनाभर उत्तर बरोबर, १ जुलैला पट्टा तुटतो. तिथं डेट_सब आणि इंटरव्हल वापरा.

सचिव नंतर म्हणाले, "एखाद्या दिवसाचा खाडा चालवून घे." मग वजाबाकी सोडली. आधी प्रत्येक तारखेची एकच ओळ ठेवली, लॅगनं मागची तारीख आणली, फरक २ पर्यंत असेल तर ०, नाहीतर १ लिहिला आणि त्याची चढती बेरीज केली. ती बेरीज म्हणजे पट्ट्याचा नंबर. पहिल्या ओळीला मागची तारीख नसते, लॅग नल (रिकामी किंमत) देतो. केसमध्ये (जर-तरच्या अटीत) ती ओळ आपोआप एल्समध्ये ('नाहीतर'मध्ये) जाऊन १ होते.

एकच म्हैस असलेल्यांचं काय, हा प्रश्न उरलाच. म्हैस आटली की महिनोन्‌महिने खाडा. ते मी सचिवांवर सोडलं.